घाबरायला मी आहे

दवाखान्याचं दार कुणी जोरात वाजवलं की आमचे डॉक्टर आधी स्वतःची नाडी बघायचे. तीन बोटं डाव्या मनगटावर, मान किंचित तिरकी, डोळे मिटलेले. मग एक मोठा श्वास घेऊन म्हणायचे, "उघडा, सिस्टर."

आत आलेल्या माणसाला पहिलं वाक्य ठरलेलं असे. "तुम्ही मुळीच घाबरू नका हं. घाबरायला मी आहे ना!"

पेशंट हसायचा. डॉक्टर गमतीशीर आहेत, असं त्याला वाटे. मी नर्स म्हणून लागले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. महिनाभरात कळलं, की यात गंमत काही नाही, हा माणूस अगदी खरं तेच सांगतो. इंजेक्शन दिलं की पेशंटच्या आधी डॉक्टर हुश्श करत. दारात कुत्रं झोपलेलं असलं तर चाळीला वळसा घालून मागच्या बोळातून येत. तार आली तर ती मला उघडायला लावत आणि वाचून होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहत. तुम्हीही असा एखादा भित्रा माणूस पाहिला असेल. पण त्याच्याकडे रोज सकाळी ताप, खोकला, बाळंतपणं आणि मशीनमध्ये चेचलेली बोटं घेऊन माणसं येतात, असं चित्र मात्र पाहिलं नसेल.

दवाखाना डिलाईल रोडवरच्या एका चाळीत, तळमजल्यावर. पुढच्या खोलीत टेबल, बाकं आणि औषधांचं कपाट. मधे लाकडी फळ्यांची भिंत, तिच्यातल्या दाराला हिरवा पडदा. मागच्या खोलीत ड्रेसिंगचं जुनं टेबल. त्यावर कुणी नुसती कूस बदलली तरी ते करकरायचं. तिथलंच एक दार मागच्या बोळात उघडायचं.

डॉक्टर मूळचे गिरगावातले, जुन्या मुंबईकर प्रभू घराण्यातले. आजोबा सरकारी कचेरीत, वडील वकील. असला इस्त्रीचा कोट घालणारा माणूस गिरणगावात कशाला आला, असं मी एकदा विचारलं.

"तिकडे सगळे ओळखीचे हो," ते म्हणाले. "ओळखीच्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर मला सोसणार नाही. म्हटलं, अनोळखी लोकांत जावं."

"मग?"

"मग काय! आता तुम्ही सगळे ओळखीचे झालात. फसलो."

दुपारी पेशंट नसत. डबा खाऊन झाला की डॉक्टर कपाटावरचा ग्रामोफोन खाली काढायचे, किल्ली द्यायचे, सुई बदलायचे. रेकॉर्डी सगळ्या पियानोच्या. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या लोकांनी एकट्या पियानोसाठी लिहून ठेवलेल्या लहान लहान रचना. सोबत दुसरं वाद्य नाही, गाणारा नाही. कॉलेजात असताना एका पारशी मित्राच्या घरी त्यांनी हे प्रथम ऐकलं होतं. मित्राची आत्या वाजवायची. हे दाराआड उभे राहून ऐकत, कारण आत्याची भीती वाटे.

"एकटा माणूस, एक वाद्य. आडोसा म्हणून नाही कुणाचा," ते म्हणायचे. "भीती वाटत नसेल का हो त्याला?"

एकच रचना त्यांच्याकडे दोन वेगवेगळ्या माणसांनी वाजवलेली होती. ते एकीमागून एक दोन्ही लावायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे. पहिल्यांदा मी म्हटलं, "दोन्ही सारखंच तर आहे." त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं.

"सिस्टर, तुमच्या चाळीत भजन होतं ना? एकच अभंग दोन बुवांनी म्हटला तर सारखा लागतो?"

"छे! एक बुवा नुसता धावतो. दुसरा समेवर येताना असा काही रेंगाळतो, की पखवाजवाला घामाघूम."

"मग तेच! तेच तर!" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "आता ऐका."

त्या दिवसापासून मी ऐकायला लागले. पहिला वाजवणारा तरुण. बोटं विजेसारखी, पण कुठे म्हणून थांबणार नाही. लिहिणाऱ्यानं जिथे थांबायला सांगितलं आहे तिथेही हा पुढच्या सुरावर उडी मारायचा. डॉक्टरांना तो मुळीच आवडत नसे. "घाई करतो. याला थांबायची भीती वाटते," म्हणायचे. त्यांनी कुणाला भित्रा म्हणावं याचं मला हसू यायचं.

दुसरा होता म्हातारा. त्याच्यावर डॉक्टरांचा जीव. "याचा डावा हात बघा. संसारी माणसासारखा वेळेवर चाललाय. उजवा आपला रोज थोडा उशिरा घरी येतो. तरी डावा रागवत नाही." रेकॉर्डच्या मध्यावर हा म्हातारा थांबायचा. सूर विरत विरत नाहीसा व्हायचा आणि नुसती सुईची खसखस उरायची. आता हा उठून गेला की काय असं वाटावं इतका वेळ. मग अगदी बारीक, करर्र असा आवाज यायचा, आणि पुढचा सूर.

"त्याची खुर्ची," डॉक्टर कुजबुजायचे. "पुढचा सूर लावायच्या आधी त्यानं अंग जरा हलवलं, ते रेकॉर्डमध्ये आलं. असं थांबायला छाती लागते, सिस्टर. त्या जागी मी असतो तर मेलोच असतो."

हे सगळं आमच्या वरच्या मजल्यावरच्या भिवा परबला सहन होत नसे. भिवा गिरणीत विणकर, विशीतला, आवाज खणखणीत. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा पेटू लागली होती आणि भिवा दिवसभर साच्यावर, म्हणजे मागावर, आणि संध्याकाळी सभेत असायचा. एकदा तो दोघातिघांना घेऊन दवाखान्यात आला.

"डॉक्टरानु, ही सायबाची टणटण बंद करा. आमची पोरां रस्त्यार मार खातत आणि तुम्ही हय गोऱ्यांचां वाजप ऐकतास?"

डॉक्टरांची बोटं मनगटावर गेली. "बंद करतो हं," ते म्हणाले, आणि खरंच केलं. पुढे बरेच दिवस ते ग्रामोफोनच्या तोंडात टॉवेल कोंबून ऐकायचे. कान अगदी पेटीला लावून.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी फुटली आणि लालबाग, परळ, काळाचौकी, सगळीकडे माणसं रस्त्यावर आली. गिरण्या बंद पडल्या. भोंगा झाला नाही तर आमच्याकडे सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. त्या दिवसांत सकाळ व्हायचीच नाही, एकदम आरडाओरडा सुरू व्हायचा. अश्रुधुराने डोळे चुरचुरायचे. आया मुलांना खाटेखाली झोपवायच्या, कारण गोळी खिडकीतूनही येते असं लोक सांगत. खोटं नव्हतं ते. आमच्या समोरच्या चाळीच्या कठड्याला भोक पडलेलं मी स्वतः पाहिलं.

डॉक्टर त्या दिवसांत गिरगावात घरी गेले नाहीत. रस्त्याने जायची भीती वाटते म्हणून दवाखान्यातच राहिले. मी म्हटलं, इथे जास्त धोका आहे. ते म्हणाले, "माहीत आहे हो. पण इथली भीती सवयीची आहे."

एका दुपारी नाक्यावर गोळीबार झाला. आधी घोषणा, मग ते आवाज. फटफट, कोरडे, कपडे आपटल्यासारखे. मग पळणारे पाय. थोड्याच वेळात मागच्या बोळाचं दार कुणीतरी लाथेने वाजवलं. डॉक्टरांनी नाडी बघितली. मी दार उघडलं. दोघांनी भिवाला उचलून आणलं होतं. लेंगा रक्ताने काळा झालेला, ओठ पांढरे. मांडीत गोळी होती. त्याला टेबलावर टाकून ते दोघे आले तसे पळाले.

"इस्पितळात न्यायला हवा," मी म्हटलं.

"नको," भिवा म्हणाला. "थयसून धरून नेतत."

तसं होत होतं. जखमी माणूस म्हणजे दंगेखोर, असा हिशेब होता. डॉक्टर त्याच्यावर वाकले. हात थरथरत होते, इतके की कात्री ट्रेवर वाजत होती. तरी म्हणाले, "घाबरू नकोस हं, भिवा. घाबरायला मी आहे ना." लेंगा कापला, वरून पट्टा आवळला, जखमेवर बोळे दाबून धरायला मला सांगितलं. चिमटे हातात घेतले आणि तेवढ्यात पुढच्या रस्त्यावर जीप थांबली.

बूट वाजले. मग दार.

मी डॉक्टरांचा चेहरा कधी विसरणार नाही. भीतीने माणसाचं तोंड लहान होतं हे मी तेव्हा पाहिलं. त्यांनी रक्ताचा कोट काढून कोपऱ्यात टाकला, हात धुतले, रुमालाची गुंडाळी करून भिवाच्या दातांत दिली. मला बोटाने खूण केली, इथेच थांबा. पडदा ओढला आणि पुढे गेले. दार वाजतच होतं. ते उघडण्याआधी मला ग्रामोफोनच्या किल्लीची घरघर ऐकू आली. आणि पियानो सुरू झाला, टॉवेल काढून, पूर्ण मोठ्याने.

पहिल्या चार सुरांत मी ओळखलं. तरुण होता. मला हायसं वाटलं. हा थांबत नाही.

दार उघडलं. एक पोलीस साहेब आणि त्याच्याबरोबर एक हवालदार, असं आवाजावरून कळलं. हवालदाराच्या कपाळाला दगड लागला होता, हेही बोलण्यातून कळलं.

"डॉक्टर, याला बघा आधी. आणि ते बंद करा. बाहेर माणसं मरताहेत आणि तुम्ही वाजवताय काय?"

"साहेब," डॉक्टरांचा आवाज फाटला होता, "ते राहू द्या. ते बंद झालं की बाहेरचं ऐकू येतं. मग माझा हात थरथरतो. टाके घालायचेत."

मग हवालदारच घाईने म्हणाला, "राहू द्या, साहेब. वाजू द्या."

साहेब हसला. तुच्छतेने हसला, पण हसला. "आत नेऊन निजवा ना त्याला."

"इथं उजेड बरा आहे," डॉक्टर म्हणाले.

मी दोन्ही हातांनी भिवाची मांडी दाबून धरली होती. बोळे भिजून माझ्या बोटांमधून ऊन रक्त येत होतं. भिवाचे डोळे पडद्यावर. पडद्याखालून साहेबाचे बूट दिसत होते, इकडून तिकडे फिरणारे. बाहेर सुईदोऱ्याचं काम चाललं होतं. "आई गं," हवालदार कण्हत होता. "झालं हं, घाबरू नका, घाबरायला मी आहे," डॉक्टर सांगत होते.

"इकडे कुणी जखमी आणला होता का?" साहेबाने विचारलं.

"मी दार बंद करून बसलो होतो."

"दिसतंयच."

रेकॉर्डची एक बाजू म्हणजे जेमतेम चार मिनिटं. ती संपली. सुई मधल्या रिकाम्या जागेत खरवडू लागली आणि भिवाच्या घशातला घरघर आवाज मला एकदम मोठा ऐकू आला. त्याच्या दातांतली गुंडाळी निसटली होती; एका हाताने बोळे तसेच दाबून मी दुसऱ्या हाताचा दंड त्याच्या तोंडावर दाबला. बाहेर डॉक्टर धडपडत उठले. रेकॉर्ड बदलली. सूर आले.

म्हातारा होता.

का लावला त्यांनी तो? नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हाताला लागली ती लावली." मला मात्र माहीत होतं पुढे काय येणार. डावा हात वेळेवर, उजवा उशिरा. एवढ्या सुंदर गोष्टीचा इतका धसका कुणी घेतला नसेल. मी भिवाच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आता हलायचं नाही. श्वास घ्यायचा नाही." त्याने मान हलवली. सूर विरत गेला. विरला. खसखस उरली.

आणि नेमके तेव्हाच साहेबाचे बूट पडद्याजवळ येऊन थांबले. भिवाने उठायला बघितलं. टेबल करकरलं.

"आत कोण आहे?"

पडद्याच्या कडेला चार बोटं आली. मला ती अजून दिसतात. एका बोटात अंगठी होती.

"साहेब, रेकॉर्डवर आहे ते," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"आवाज. वाजवणाऱ्याची खुर्ची करकरते. म्हातारा आहे तो."

"मला वेडा समजता?"

"परत लावतो. परत ऐका, साहेब."

सुई उचलल्याचा आवाज आला. ती ठेवताना त्यांचा हात इतका कापला की रेकॉर्डवर ती ओरखडत गेली. पुन्हा सूर. पुन्हा ते विरणं. बोटं पडद्यावरच. मी भिवावर जवळजवळ आडवी पडले होते. त्याचे दात माझ्या दंडात रुतले होते, आणि मी ओरडले नाही याचं मला आजही नवल वाटतं. शांतता. किती वेळ! म्हाताऱ्या, हल रे बाबा, एकदा हल, असं मी मनात म्हणत होते.

करर्र.

पुढचा सूर आला.

बोटं पडद्यावरून निघाली. "काय एकेक माणसं असतात," साहेब म्हणाला. हवालदाराला उठवलं. बूट दाराबाहेर गेले. जीप सुरू झाली.

डॉक्टर पडदा सारून आत आले आणि टेबलाच्या पायाशी फरशीवर बसले. मनगट धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. "लागत नाही हो, सिस्टर. तुम्ही बघा." मी रक्ताच्या हाताने त्यांची नाडी धरली. चिमणी हातात धरल्यासारखी ती फडफडत होती. "आहे," मी म्हटलं. "आहे ना? बरं," म्हणत ते उठले, हात धुतले आणि भिवाची गोळी काढली. ती काढताना त्यांचा हात एकदाही हलला नाही.

भिवा वाचला. पाय अधू झाला, साच्यावर उभं राहणं संपलं, पुढे गिरणीच्या फाटकावर बसू लागला. डॉक्टरांवर जीव टाकायचा. पण दवाखान्यात ग्रामोफोन सुरू झाला की काठी उचलायचा. "डॉक्टरानु, मी भायर बसतंय. तां वाजप सुरू झालां काय माझी मांडी ठणाकता." डॉक्टर म्हणायचे, "बस हो, बस." त्यांना ते पटत असे.

कुणीतरी चुगली केलीच. डॉक्टरांना चौकीवर बोलावणं आलं, दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, परत पाठवलं, पुन्हा बोलावलं. त्यांनी कुणाचं नाव सांगितलं नाही. मात्र तेव्हापासून ते रोज एक लहान पिशवी घेऊन यायचे. तीत पंचा, दंतमंजन आणि एक सदरा. पकडून नेलंच तर म्हणून. रस्त्यावर मोटार थांबली की त्यांची नजर पिशवीकडे जाई.

म्हाताऱ्याची रेकॉर्ड त्यांनी पुन्हा लावली नाही. मला वाटलं, ओरखडा पडला म्हणून असेल. एकदा मीच म्हटलं, "लावा ना."

"नको," ते म्हणाले. "तो थांबला की पूर्वी मला शांतता ऐकू यायची. आता बूट ऐकू येतात."

ज्या जागेसाठी त्यांनी ती रेकॉर्ड जिवापाड जपली होती, तीच जागा त्या दुपारी त्यांच्या हातून गेली होती. भिवाचा पाय गेला तो सगळ्यांना दिसला. हे कुणाला दिसलं नाही.

ते आता तरुणालाच लावायचे. रोज त्यालाच. एका दुपारी रेकॉर्ड संपली, सुई उचलून ते तसेच बसले आणि म्हणाले, "मी याला उगीच नावं ठेवली, सिस्टर. हा घाई करत नाही. हा घाबरलाय. थांबलो तर पुढे वाजवताच येणार नाही, असं याला वाटतंय. तरी बघा, शेवटपर्यंत वाजवतो. एक सूर गाळत नाही." मग बराच वेळ त्या काळ्या तबकडीवरून त्यांनी बोट फिरवलं. एखाद्या पेशंटची माफी मागावी तसं.

डॉक्टरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हृदयविकाराने गेले, गिरगावात, झोपेत. लोक म्हणाले, सुखाचं मरण. मला नेहमी वाटतं, झोपेत होते म्हणून बरं, नाहीतर फार घाबरले असते. पण आठवतात ते तसे नाहीत. आठवतात ते महाराष्ट्र झाला त्या दिवशीचे.

त्या संध्याकाळी सगळं गिरणगाव रस्त्यावर होतं. गुलाल, लेझीम, ढोल, फटाके, चाळीचाळीवर दिव्यांच्या माळा. भिवाला पोरांनी खांद्यावर घेतलं होतं. मी पेढे घेऊन दवाखान्याकडे निघाले. तेवढ्यात कुणीतरी कोपऱ्यावर फटाक्यांची आणखी एक लांब माळ लावली. धडधड धडधड, सगळी गल्ली दणाणली. मी धावत आत गेले.

पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. पडदा बाजूला केला. ड्रेसिंगच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरलेली होती. बोळे, पट्ट्या, चिमटे, सगळं ओळीने मांडलेलं. कोपऱ्यात स्टोव्ह फरफरत होता आणि त्यावर पाण्याचं पातेलं. डॉक्टर त्याच्यापुढे उभे होते, घामाने निथळलेले, तोंड पांढरंफटक, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"डॉक्टर, फटाके आहेत हो ते," मी म्हटलं. "आपलं राज्य झालं. पेढे आणलेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर आणखी एक माळ लागली. ते दचकले, पण जागचे हलले नाहीत.

"झालं ना? छान झालं," ते म्हणाले. "ठेवा ते पेढे तिथे. पाणी मात्र उकळू द्या."